कूलरच्या तोंडाचं प्लाय

खिडकी साडेतीन फुटांची,
नव्या कूलरचं तोंड जेमतेम दोन.
उरलेल्या फटीतून एप्रिल आत येतो
आणि सोफ्यावर बसून राहतो, न विचारता.

लकडगंजात मावजीभाईंनी गल्ल्यावरून न उठता
बारा एमएमचं प्लाय दाखवलं.
बाहेरची चौकट मोठ्या मशीननं
एका श्वासात कापून दिली.
"आणि मधलं भोक?"
"ते मशीन मधून नाही चालत, मॅडम.
कडेपासून सुरू होते, कडेलाच संपते.
भोकाचं काम घरी. नाहीतर डेकाटे मिस्त्री."
डेकाटे फोनवर म्हणाले, अक्षय्य तृतीयेपर्यंत
मरायलाही फुरसत नाही.
म्हणजे निम्मा उन्हाळा.

ऑटोत प्लाय सरळ, मी तिरपी.

रात्री पुण्याहून निशांत: आई, जिगसॉ घे.
चांगली बाजू खाली ठेव, पातं वर येताना चावतं.
रेषेवर चिकटपट्टी लाव, छिलपे निघणार नाहीत.
कोपऱ्यात आधी ड्रिलनं भोक पाड.
पाठोपाठ एक व्हिडिओ. त्यातल्या माणसाची
हत्यारांची खोलीच आमच्या फ्लॅटपेक्षा मोठी.
बत्तीस वर्षं मी फळ्यावर आयत काढले,
एकालाही कधी जाडी नव्हती.

जिगसॉ भाड्यानं आणली, दिवसाला दीडशे.
दोन पाट, त्यांच्यावर जुनं थर्माकोल, वर प्लाय.
चार कोपरे पाडून झाले.
पहिली बाजू निम्मी झाली
आणि लाईन गेली.
पातं लाकडात तसंच,
घास तोंडात धरून झोपलेल्या मुलासारखं.

चार वाजता खालचे खोब्रागडे काका वर आले.
"काहून थांबून राहिल्या? हे घ्या."
रेल्वेतून निवृत्त होताना आणलेली करवत,
निमुळती, उंदराच्या शेपटीएवढी.
"आता प्लाय उलटवा.
ही खाली जाताना कापते. चांगली बाजू वर."
म्हणजे निशांत बरोबर, काकाही बरोबर,
हत्यार बदललं की खरं उलटं होतं
एवढंच.

आधी सुरीनं रेषेवर दोनदा ओरखडा.
मग करवत, आडवी धरून, न रेटता.
रेटलं की ती वाकते आणि रागावते.
काका कठड्याला टेकून
मला शिकवायचं नाही असं ठरवून उभे,
आणि दर तिसऱ्या मिनिटाला शिकवत होते.
भुसा घामाला चिकटला. हाताला वास आला
गोंदाचा, जंगलाचा नाही.
प्लायला आठवायला जंगल कुठे?
थरांवर थर, एकाचे दोरे उभे, एकाचे आडवे,
म्हणून तर ते फाटत नाही.

दिवेलागणीला मधला तुकडा सुटला,
धप्पकन, थर्माकोलवर.
सहज म्हणून परत भोकात ठेवून पाहिला.
सैल. चहूकडून हलत होता.
जिथून निघाला तिथेच आता बसेना;
मधलं दोन-अडीच सूत करवतीनं खाल्लं होतं,
तेवढं कुणाच्याच वाट्याला नाही.
हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं:
पाच वजा दोन बरोबर तीन,
आणि थोडा भुसा.

खाली उजवा कोपरा वाकडा गेला. बोटभर.
तिथे जुन्या परकराची चिंधी कोंबली.
कूलर लावला, पंप गुरगुरला,
वाळ्याचा वास आला तेव्हा
एप्रिल सोफ्यावरून उठला. गेला नाही,
दाराशी जाऊन उभा राहिला.

डेकाटे आले ते मेच्या मध्यात,
दुसऱ्याच कामाला, वरच्या मजल्यावर.
जाता जाता खिडकीपाशी थांबले.
कानावरची पेन्सिल काढली,
कडेवर अंगठा फिरवला, चिंधीपाशी थबकले.
"कोणी केलं?"
मी सांगितलं.
"वाकडं आहे," म्हणाले. पेन्सिल परत कानावर.
"पण घाबरून कापलेलं नाही."

मधला तुकडा माठाखाली आहे.
पाणी झिरपून त्याचा एक थर
आता कडेनं हळूहळू उघडतोय.